मूळ प्रत कुठे आहे?

मनोहरकाका,

तुमचा तो विनोद शेवटी खरा झाला. सिंगापूरची दहनभूमी मंडाईला आहे, आणि इथे नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला तुम्ही सांगायचात, पुणेकर जगात कुठेही जाऊ दे, त्याचा शेवट मंडईतच. त्या सोमवारी गाडीतून उतरताना पाटी दिसली आणि मला हसू फुटलं. निनादने नवऱ्याच्या काळजीने माझा हात दाबला, त्याला वाटलं मी रडतेय. नलिनीकाकूंनी मात्र ओळखलं. त्याही पाटीकडेच बघत होत्या.

त्याला आज तीन आठवडे झाले. मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर काहीतरी लिहून दे, असं मला सांगितलंय. जन्म, शिक्षण, नोकरी, सिंगापुरात कधी आलात, हे सगळं तुमच्या मुलाने व्यवस्थित लिहून दिलं आहे, तेव्हा ते मी परत लिहीत नाही. माझं तुमच्याशी एक बोलायचं राहिलंय. अंकात छापायचं की नाही ते नंतर बघू.

आपली ओळख लिफ्टमध्ये झाली. टॅम्पिनीसच्या आपल्या ब्लॉकमध्ये तुम्ही सातव्या मजल्यावर, आम्ही अकराव्या. मी फोनवर आईशी बोलत होते आणि काखेतले कागद घसरले. तुम्ही ते उचललेत आणि परत द्यायच्या ऐवजी वाचत उभे राहिलात. दोनशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकन वर्तमानपत्राची ती छापील प्रत होती, बंदरात कोणती जहाजं आली त्याची यादी. सातवा मजला आला, गेला, तुम्ही उतरला नाहीत.

"हे कुठल्या बंदरातलं?" तुम्ही थेट मराठीत विचारलंत.

मी सांगितलं, की मी शाळेत अमेरिकेचा इतिहास शिकवते आणि हे मुलांसाठी इंटरनेटवरून काढलंय.

"आणि तू शिकलीस कुठे?"

"मुंबईत. पेशवाईवर एम. ए. केलं."

"म्हणजे पुण्याचा इतिहास मुंबईत शिकलीस आणि अमेरिकेचा सिंगापुरात शिकवतेस. चांगलंय. कोणी तपासायला येणार नाही."

मी तेव्हा हसले. पुढे तपासायला तुम्हीच आलात.

हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात तुमची सगळी नोकरी जहाजांची कागदपत्रं करण्यात गेली. इतिहासाचं एकही पुस्तक तुम्ही आपणहून वाचलेलं नव्हतं, हे तुम्हीच अभिमानाने सांगायचात. पण कागद कसा बघायचा हे तुम्हाला जेवढं कळत होतं तेवढं मला माझ्या कुठल्याही प्राध्यापकांनी शिकवलं नव्हतं. कोणी भरला, कोणासाठी भरला, कोणती रकाना रिकामी सोडली, सही कोणाची. (तुम्ही 'रकाना' स्त्रीलिंगी वापरायचात, आणि मी दर वेळी सुधारायचे. आज राहू दे.)

मी शिकवायला लागले तेव्हा माझी पद्धत साधी होती. इंटरनेटच्या शोधात विषय टाकायचा, वर येईल ते घ्यायचं. गुलामगिरीवर पत्र हवं, तर तसं टाइप करायचं, आणि कुठल्या तरी ब्लॉगवर टाइप केलेलं पत्र मिळायचं, छान, वाचायला सोपं. तुम्ही माझ्या डायनिंग टेबलाशी बसून हे बघितलंत आणि म्हणालात, "हे तर कोणीतरी टाइप केलेलं आहे. कागद कुठे आहे?"

मग आपण दोघं कागद शोधायला शिकलो. अमेरिकेतल्या सरकारी अभिलेखागाराच्या आणि ग्रंथालयांच्या साइटवर सगळं आहे, पण ते समोर येऊन उभं राहत नाही. आधी सूची उघडायची, सूचीत पेटी, पेटीत फाइल, फाइलमध्ये पान. प्रत्येक पानाला क्रमांक. तुम्हाला हे फार आवडलं. "हे गोदामासारखं आहे," म्हणालात. "माल आहे. फक्त कुठल्या रॅकवर ते विचारता आलं पाहिजे." जुन्या छपाईत इंग्रजी एस हा एफसारखा दिसतो, म्हणून यंत्र तो एफ म्हणून वाचतं, हे तुम्हीच शोधून काढलंत. त्या दिवशी अकराव्या मजल्यावर धावत आलात. लिफ्टची वाटही पाहिली नव्हतीत. "एसच्या जागी एफ टाकून शोध! सेल नाही, फेल! बघ किती निघतं!" खरंच शेकड्यांनी निघालं. काकू खालून फोन करत होत्या, की हे रक्तदाबाची गोळी न घेताच पळाले.

आता त्या पत्राकडे येते.

माझ्याकडे एक पत्र होतं, तीन वर्षं मी ते शिकवत होते. गुलामगिरीतल्या एका आईने, विकून दूर नेलेल्या मुलीला लिहिलेलं. ती आई लिहिते, की तुझा मागे राहिलेला झगा मी दर रविवारी धुते आणि वाळत घालते, म्हणजे तो कोणाचा तरी आहे असं वाटत राहतं. वर्गात मी हे वाचलं की मोठी मोठी मुलं डोळे पुसायची. माझ्या अभ्यासपुस्तिकेत ते पहिल्या पानावर होतं, आणि त्या वर्षी मेई शिन नावाच्या माझ्या विद्यार्थिनीने वर्षअखेरचा सगळा शोधनिबंध त्या पत्रावर उभा केला होता. आईवडील मलेशियातल्या इपोहचे, मुलगी सिंगापुरात वाढलेली, अतिशय मन लावून काम करणारी.

मी मोठ्या कौतुकाने तुम्हाला ते वाचून दाखवलं. तुमचेही डोळे ओले झाले, हे मी पाहिलं. चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "त्या बाईला लिहायला येत होतं?"

"कोणीतरी लिहून दिलं असेल. तसं व्हायचं."

"असेल. मूळ प्रत कुठे आहे?"

मला नव्हतं माहीत. मी म्हटलं, "शोधा की."

तुम्ही शोधलंत. सहा आठवडे. मला वाटलं विसरलात. मग एका रविवारी सकाळी, मी पोहे परतत असताना, तुम्ही दारात आलात, हातात एकच कागद. जुनी, बंद पडलेली वेबपानं साठवून ठेवणाऱ्या एका साइटवर तुम्हाला ते सापडलं होतं. कुठल्याशा अमेरिकन शाळेचं पान. वर शीर्षक: कल्पना करा की तुम्ही त्या काळात आहात, आणि एक पत्र लिहा. खाली मुलांनी लिहिलेली पाच पत्रं. तिसरं आपलं. आठवीतल्या एका मुलीचं. कोणीतरी ते उचललं, दुसऱ्याने त्याच्याकडून उचललं, वरचं शीर्षक कधीतरी गळून गेलं.

मी गॅस बंद केला. तुमचं अभिनंदन करायला हवं होतं. मी म्हटलं, "काका, हे करून तुम्हाला काय मिळालं?"

"मला काय मिळायचंय? तूच म्हणालीस शोधा."

"पत्र खोटं असेल. त्यातलं दुःख खरं आहे. अशा हजारो आया होत्या."

"होत्या ना. मग ही गोष्ट आहे असं सांगून शिकव. पत्र म्हणून नको."

"वर्गात मुलं रडतात, काका. सनावळ्यांनी रडत नाहीत."

"रडणं खरं, पत्र खोटं. दोन्ही लिहून ठेव." मग हळू आवाजात, "त्या मुलीचं काय? तिच्या निबंधाचं?"

"सांगते तिला."

पोहे करपले होते. तुम्ही तरी खाल्लेत.

काका, मी तिला सांगितलं नाही. त्या टर्ममध्ये माझ्या कराराचं नूतनीकरण व्हायचं होतं. माझा इथे राहायचा पास शाळेच्या नोकरीवर, शाळेने नको म्हटलं तर महिन्याभरात दुसरी नोकरी शोधायची. शिवाय तीन वर्षांत ते पत्र शिकलेली मुलं, त्यांचे पालक, आणि विभागप्रमुख, ज्यांनी तीच अभ्यासपुस्तिका इतर शिक्षकांना आदर्श म्हणून वाटली होती. मी रोज ठरवायचे, आज बोलू. मेई शिन वर्गानंतर यायची, नवा परिच्छेद दाखवायची, झगा, रविवार, वाळत घालणं. मी स्वल्पविराम सुधारून द्यायचे.

आठवड्याने कॉफीशॉपमध्ये तुम्ही बिनदुधाच्या कोपी-ओचा कप खाली ठेवत सहज विचारलंत, "सांगितलंस त्या पोरीला?"

मी म्हटलं, "हो."

"काय म्हणाली?"

"जरा नाराज झाली. होईल ठीक."

तुम्ही मान हलवलीत. "चांगलं केलंस. अवघड असतं."

एवढंच. मी पन्नाशीच्या जवळ आलेली बाई, मुलांना पुराव्याचा अर्थ शिकवणारी, आणि तुमच्या तोंडावर सरळ खोटं बोलले. तुम्ही 'चांगलं केलंस' म्हणालात, ते सगळ्यात जास्त लागलं.

आणि तुम्ही त्या 'हो'वर विश्वास ठेवून कामाला लागलात. आता त्या मुलीला काहीतरी खरं हवं, म्हणून. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी तुम्ही मला खाली व्हॉइड डेकवर बोलावलंत. ब्लॉकखालच्या त्या मोकळ्या जागेत, बुद्धिबळाच्या दगडी टेबलावर, तुम्ही चार मोठे कागद पसरून ठेवले होते. जहाजाचं मॅनिफेस्ट, म्हणजे जहाजावर काय चढवलं त्याची यादी. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, गुलाम माणसांची. अभिलेखागाराच्या क्रमांकासह. खरा कागद, त्यावर कप्तानाची सही.

"हा फॉर्म मला ओळखू येतो," तुम्ही म्हणालात. "मी आयुष्यभर हाच भरलाय. अनुक्रमांक, वर्णन, पाठवणारा, घेणारा." तुमचं बोट एका रकान्यावर थांबलं. "पण ही उंची कशाला?"

मी सांगितलं. बाहेरच्या देशांतून गुलाम आणायला कायद्याने बंदी झाली होती, देशातल्या देशात चालत होतं. चढवलेली आणि उतरवलेली माणसं तीच आहेत हे दाखवायला उंची लिहीत.

"म्हणजे वाटेत माल बदलला नाही, हे दाखवायला," तुम्ही म्हणालात, आणि बोट त्या रकान्यावरून ओळीओळीने खाली नेलंत.

खालून तिसऱ्या ओळीवर एक रेघ मारलेली होती. एक बाई, वय एकोणीस. शेजारी उतरवून घेणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं, जहाजावर नाही. तुमच्या तोंडून निघून गेलं, "एक नग कमी उतरला." तुमच्या धंद्यातलं वाक्य. ते म्हणून झालं आणि तुमचा चेहरा असा झाला, की मी दुसरीकडे बघितलं.

"पळाली असेल," मी म्हटलं.

"किंवा मेली असेल. किंवा चढलीच नसेल. कागदात नाही."

"पळालीच असेल."

"शर्वरी, तुला ती पळायला हवी आहे. मलाही हवी आहे. पण कागदात नाही."

तुम्ही ते चारही कागद गुंडाळून माझ्या हातात दिलेत, मुलीसाठी. मी लिफ्टने वर गेले आणि मेई शिनला फोन लावला. भेटायची वाट बघितली असती तर परत धीर गेला असता. मी सगळं सांगितलं, कधीपासून माहीत आहे हेही. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "देन हाउ, मिस? सबमिशन नेक्स्ट मंथ लेह." मी म्हटलं, माझ्याकडे एक खरा कागद आहे आणि तो वाचू शकणारा एक माणूस आहे.

शनिवारी ती आली. त्याच दगडी टेबलाशी तुमच्यासमोर बसली. डोळे अजून सुजलेले. तुम्ही विचारलंत, जुना निबंध किती झाला होता, आणि ती म्हणाली, "ऑलमोस्ट डन, अंकल. मिसने मला परवा गुरुवारीच सांगितलं. आय क्राइड होल डे." तिने हे इंग्रजीतच सांगितलं, पण मला ते आठवतं मराठीत. गुरुवारी. तुम्ही मला 'चांगलं केलंस' म्हणालात त्याला तेव्हा नऊ दिवस झाले होते.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. अगदी क्षणभर. रागाने नाही. एखादा कागद बघतात तसं, नीट, एकदा. मग चष्मा नाकावर सरकवलात आणि तिला म्हणालात, "ओके, गर्ल. कॉलम वन. लेट अस सी."

तीन तास बसलात. तिला शिकवलंत, की अक्षर आधी वाचायचं नाही, आधी तो लिहिणारा 'टी' कसा काढतो ते बघायचं. तिने निबंध नव्याने लिहिला. शेवट रेघ मारलेल्या त्या बाईवर केला आणि लिहिलं, तिचं पुढे काय झालं ते या कागदावरून सांगता येत नाही. त्या वाक्याबद्दल मी तिच्याशी दोनदा वाद घातला. तिने बदललं नाही. तिला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही, घाईत लिहिल्याच्या खुणा होत्या. विभागप्रमुखांकडे मी स्वतः गेले. त्यांनी चहा मागवला, पुस्तिका दुरुस्त करा, पालकांना दोन ओळींचं पत्र पाठवा, म्हणाल्या. झालं. करार झाला. ज्याला घाबरून मी खोटं बोलले ते असं दहा मिनिटांत संपलं.

त्यानंतर आठ महिने तुम्ही होतात. किती वेळा आपण लिफ्टमध्ये भेटलो असू. दिवाळीला तुमच्याकडे चकल्या पाडायला आले होते. तुम्ही सोऱ्या दाबत होतात आणि काकू आत गेल्या होत्या. तेव्हा बोलता आलं असतं. तुम्ही कधी विषय काढला नाहीत. मला वाटत राहिलं, काका विसरले. तुम्ही विसरणारे नव्हता, हे मला माहीत होतं. मग एका पहाटे छातीत दुखायला लागलं, ॲम्ब्युलन्स आली, आणि मी खाली पोचेपर्यंत तुम्ही गेलेले होतात.

तर काका, त्या दिवशी कॉफीशॉपमध्ये मी खोटं बोलले. तुम्हाला ते कळलं होतं. मला ते तुम्हाला कळलंय हेही कळलं होतं. तरी ते माझ्या तोंडून एकदा यायला हवं होतं. आणि तुम्ही त्या मुलीसमोर मला उघडं पाडलं नाहीत, त्याबद्दल आभार मानायचे राहिले.

आपला वाद मात्र मी सोडलेला नाही. ते पत्र मी अजून शिकवते. आधी वाचून दाखवते, मुलं रडतात. मग तुम्ही आणलेलं ते शाळेचं पान दाखवते. एक मुलगा परवा चिडून म्हणाला, तुम्ही आम्हाला फसवलंत. मी म्हटलं, हो, आणि मी स्वतः तीन वर्षं फसले होते. मला अजून वाटतं, त्या आठवीतल्या मुलीला जे कळलं होतं ते खरं होतं. तुम्ही यावर काय म्हणाल ते मला ठाऊक आहे.

गेल्या रविवारी दुपारी काकूंनी मला खाली बोलावलं. तुमच्या नावाने कुठल्या साइटवरून मेल येत होते, काही भरायचं राहिलंय का, म्हणून त्या घाबरल्या होत्या. मी तुमचा लॅपटॉप उघडला. हस्तलिखित कागद वाचून टाइप करून देणाऱ्या स्वयंसेवकांची ती साइट होती. तुम्ही आम्हाला कोणालाच सांगितलं नव्हतंत. शेकडो पानं तुम्ही उतरवलेली होती. शेवटचं अर्धं. ते जहाजाचं नव्हतं. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या माणसांनी आपली लग्नं सरकारदरबारी नोंदवली, त्याची वही. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, आणि आजवर किती वर्षं एकत्र राहिले.

काकू माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. लग्नानंतर पुण्यात त्या काही वर्षं पोस्टात होत्या, गिचमिड पत्ते वाचायची त्यांना सवय. तुम्ही थांबलात त्याच्या पुढच्या ओळीत बायकोच्या नावावर शाई सांडलेली होती. पहिलं अक्षर 'एच' वाटत होतं.

"हॅना असेल," मी म्हटलं.

काकूंनी पडद्याजवळ तोंड नेलं. बराच वेळ बघितलं. "नाही येत वाचता. उगाच काही लिहू नकोस."

वाचता येत नाही असं लिहायची तिथे सोय आहे. मी तसं लिहिलं.

"पुढचं मला दिसतंय," काकू म्हणाल्या. त्यांनी बोट ठेवलं. "एकत्र राहिल्याची वर्षं, एकतीस. लिही."

मी लिहिलं.

"पुढची ओळ घे," काकू म्हणाल्या.